प्रतिसाद: घरपट्टीचा उतारा कसा वाचायचा
"उताऱ्यावर नाव लागलं, आता घर माझं झालं" असं वर एकांनी लिहिलंय, तिथे जरा थांबा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. त्यात मालक आणि भोगवटादार (प्रत्यक्ष राहणारा, वापरणारा) असे दोन वेगळे रकाने असतात, तुमचं नाव नेमकं कुठल्यात आहे ते आधी बघा. मग बांधकामाचा प्रकार. आमच्या मातीच्या भिंतींच्या कौलारू घरापुढे चक्क 'आरसीसी' लिहिलेलं! 2015 च्या नियमबदलानंतर आकारणी भांडवली मूल्यावर, म्हणजे जमीन आणि बांधकामाच्या किमतीवर होते. क्षेत्रफळ, प्रकार, घसारा (बांधकाम जुनं झाल्याची वजावट), वापर यांतलं एक जरी चुकलं तरी घरपट्टी फुगते. फोटो जोडून लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा कुठे नोंद बदलली. थकबाकी किती ते बघायचं असेल तर नमुना 9, म्हणजे कर मागणीची नोंद मागा.