मदत हवी आहे: ट्रिपल-ए गाजवणारा पोरगा पिट्सबर्गला येऊन आडवा का होतो? (ओओटीपी)

नवखा_मॅनेजर

नमस्कार मंडळी. क्रिकेटवाल्यांच्या गर्दीत बेसबॉलचं विचारतोय, सांभाळून घ्या. 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' (ओओटीपी) हा संघ चालवायचा कॉम्प्युटर गेम खेळणारे इथे दोन-चार जण आहेत असं एका जुन्या धाग्यात दिसलं, म्हणून हा प्रपंच.

संघ घेतलाय पायरेट्स, मेजर लीगमधला पिट्सबर्गचा संघ. कारण निव्वळ भावनिक. २००८ मध्ये त्यांनी आपल्या रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल या भारतीय पोरांना करारबद्ध केलं तेव्हा मी कॉलेजात होतो आणि पिट्सबर्ग कुठे आलं ते नकाशात शोधलं होतं.

तर दुखणं असं. माझ्याकडे गेमनेच तयार केलेला एक शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) आहे, वय २०. ग्रीन्सबरोला, म्हणजे हाय-एला (मेजर लीगखालच्या मायनर लीगच्या पायऱ्या खालून वर अशा: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए), त्याने २६ होमरन मारले, सरासरी .३०४, म्हणजे हजारात ३०४ हिट. मी हवेत. मधलं अल्टूना (डबल-ए) गाळलं आणि पुढच्या एप्रिलला त्याला थेट इंडियानापोलिसला, ट्रिपल-एला चढवलं. तिथे .२९१. ऑगस्टमध्ये पिट्सबर्गला बोलावला. ४७ सामने, सरासरी .१८१, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) ७१! हिवाळा सरल्यावर बघतो तर त्याचं पोटेन्शियल (पुढे किती चांगला होईल याचं रेटिंग) ६० वरून ५० वर आलेलं.

माझी समजूत अशी की प्रत्येक पातळीला गेमने एक गुणक ठेवला असणार. एक्सेलमध्ये तक्तासुद्धा केलाय: मेजर लीग १००, ट्रिपल-ए ८५, डबल-ए ७२ वगैरे. हे आकडे अंदाजपंचे आहेत. खरे आकडे गेममध्ये कुठे सापडतील? आणि या पोराचं आता काय करू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जर्सीकर

तक्ता डिलीट करा. असा गुणक गेममध्ये नाहीच.

ओओटीपीत डबल-एच्या सामन्यासाठी वेगळं इंजिन नाही. बॅटरचं रेटिंग, समोरच्या पिचरचं (चेंडू टाकणाऱ्याचं) रेटिंग, मैदान, आणि त्या लीगचे मॉडिफायर (लीगचे एकूण आकडे वर-खाली करणारी सेटिंग), मुख्यतः यावर निकाल लागतो. ग्रीन्सबरोची पातळी 'खालची' असते ती तिथले पिचर खालचे असतात म्हणून. पातळी म्हणजे तिथे जमलेली माणसं. तेवढंच.

आता खरी गंमत. लीग सेटिंग्जमध्ये प्रत्येक लीगचे 'लीग टोटल्स' असतात: या लीगमध्ये साधारण किती हिट, किती होमरन, किती स्ट्राइकआउट व्हायला हवेत ते. मॉडिफायर ऑटोवर ठेवले की गेम आकडे त्या लक्ष्याच्या आसपास आणून सोडतो. उद्या तुम्ही हाय-एमधले सगळे पिचर बदलून मेजर लीगचे आणून बसवलेत, तरी मॉडिफायर पुन्हा जुळवल्यावर लीगची सरासरी फिरून तिथेच येईल. म्हणून दोन लीगची बॅटिंग सरासरी सारखी दिसली तरी दोघींच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. त्या सरासरीवरून पातळी जोखायला जाल तर फसाल.

आकडे बघायचेच तर त्या लीगच्या सरासरीच्या तुलनेत बघा, आणि वयाच्या तुलनेत तर बघाच. डबल-एमध्ये विशीतल्या पोराने लीगच्या सरासरीइतकी बॅटिंग केली तर मी पेढे वाटतो. तेच सव्विशीतल्याने केलं तर चहासुद्धा नाही.

दादरकर_काका

बेसबॉल मला कळत नाही, पण हे दुखणं ओळखीचं आहे. कांगा लीगमध्ये भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर, गुडघाभर गवतात काढलेले चाळीस रन आणि मे महिन्यात पाटा विकेटवर काढलेलं शतक यांची तुलना आम्ही कधी केली नाही. तुमचं ग्रीन्सबरो पाटा तर नाही ना?

जर्सीकर

काका, विकेट काढलीत! ग्रीन्सबरोचं मैदान होमरनसाठी बदनामच आहे. गेममध्ये प्रत्येक मैदानाचे पार्क फॅक्टर (ते मैदान बॅटरला किती मदत करतं त्याचे आकडे) असतात, त्यामुळे तिथेही चेंडू तसाच उडतो. उलट पायरेट्सचा सिंगल-ए संघ ब्रेडेंटनला, फ्लोरिडा स्टेट लीगमध्ये. दमट हवा, आणि बरीच मैदानं मेजर लीगच्या सराव शिबिरांसाठी बांधलेली, ऐसपैस. ती लीग पिचरांची. त्यामुळे ब्रेडेंटनचा पोरगा ग्रीन्सबरोला चढला की 'पॉवर आली' असा भास होतो. ट्रिपल-एमध्येही हाच प्रकार: पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये आल्बुकर्की आणि रीनो उंचावर वसलेले, हवा विरळ, चेंडू लांब जातो. नशीब, इंडियानापोलिस इंटरनॅशनल लीगमध्ये आहे.

नवखे, एक करा. पोराचं ग्रीन्सबरोचं पान उघडा, होमरनवर बोट ठेवून झाका, आणि फक्त स्ट्राइकआउट आणि वॉक (चार वाईट चेंडू सोडून फुकट मिळालेला बेस) मोजा. या दोन्हींत मैदानाची लुडबुड फार कमी असते.

नवखा_मॅनेजर

मोजले. ५१२ वेळा बॅटिंगला आला, स्ट्राइकआउट १६१, वॉक २९. म्हणजे हाय-एच्या पिचरांसमोरच तो ३१ टक्के वेळा स्ट्राइकआउट होत होता. हे गेले वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी २६ हा आकडा कुरवाळत बसलो होतो.

पण मग इंडियानापोलिसला .२९१ कसे आले?

आकडेमोड

चार महिने म्हणजे काही फार मोठा नमुना नाही. त्यात ट्रिपल-एमध्ये वर-खाली करणारे पस्तिशीचे पिचरही असतात, सगळे उद्याचे तारे नसतात. तिथला स्ट्राइकआउटचा आकडा तुम्ही दिला नाहीत, यातच सगळं आलं. :)

पोटेन्शियलबद्दल दोन गोष्टी. एक, तुम्हाला दिसतं ते रेटिंग म्हणजे तुमच्या स्काउटचं (खेळाडू पारखणाऱ्याचं) मत. ते ६० कधी खरे होते का, देव जाणे. स्काउटिंगची अचूकता सेटिंगमध्ये कमी ठेवली असेल तर विशीच्या पोरांबद्दलचे अंदाज जास्तच भरकटतात. दोन, खेळाडू कुठल्या पातळीवर खेळतोय याचा त्याच्या वाढीवर परिणाम होतो. झेपत नाही तिथे नेऊन मार खायला लावलात की वाढ खुंटते. फार सोप्या जागी सडवत ठेवलात तरी खुंटते. याउपर गेम स्वतःहून थोडी उलथापालथ करतोच, टॅलेंट चेंज रँडमनेस नावाची सेटिंग बघा. दहा अंक नेमके कशाने गेले हे कोणीच सांगू शकणार नाही.

आणि गेम रेटिंग म्हणून दाखवतो ते तारे बघताना ते कुठल्या लीगच्या तुलनेत दाखवले जातायत ते आधी तपासा. डबल-एच्या तुलनेतले चार तारे मेजर लीगच्या तुलनेत दीडसुद्धा भरत नाहीत. निम्मे लोक इथेच आपटतात.

नवखा_मॅनेजर

आता त्याला खाली पाठवता येईल का? की एकदा वर आला म्हणजे अडकला?

जर्सीकर

येईल. पण घाईची किंमत मोजावी लागेल. वर बोलावलात तेव्हा तो ४० जणांच्या रोस्टरवर (मेजर लीग संघाच्या खेळाडूंच्या यादीत) आला. आता खाली पाठवलात की त्याचं 'ऑप्शन' वर्ष (खाली पाठवायची मुभा असलेलं वर्ष) खर्ची पडतं, आणि अशी वर्षं एकूण तीनच. ती संपली की वेव्हर्सवर (म्हणजे बाकी संघांपुढे) टाकल्याशिवाय खाली धाडता येत नाही, आणि तिथे दुसरा संघ त्याला उचलून नेऊ शकतो. ग्रीन्सबरोलाच ठेवला असतात तर हे घड्याळ सुरूच झालं नसतं. २०व्या वर्षी रूल फाइव्ह ड्राफ्टचीही (४० च्या यादीत नसलेले मायनर लीगचे खेळाडू इतर संघ उचलतात त्याची) धास्ती नव्हती. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करार झालेल्याला पाच हंगामांची सूट असते.

अल्टूनाला पाठवा. इंडियानापोलिसला नको.

आकडेमोड

जाता जाता: यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघत असाल तर 'शॉर्ट सीझन ए' शोधत बसू नका. २०२१ मध्ये खऱ्या मायनर लीगची फेररचना झाली, संलग्न संघ १६० वरून १२० वर आले आणि ती पायरी गेली. आता ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए, सिंगल-ए, आणि खाली फ्लोरिडा, ॲरिझोना, डॉमिनिकनमधल्या रुकी लीग. १९५० च्या दशकातली ऐतिहासिक लीग सुरू केलीत तर मात्र बी, सी, डी असे वर्ग भेटतील. ते १९६३ च्या फेररचनेपर्यंत होते. मी एकदा त्यात शिरलो आणि दोन शनिवार-रविवार नुसता पोरांची नावं वाचत बसलो.

नवखा_मॅनेजर

अपडेट. बढत्यांचा कारभार असिस्टंट जीएमकडे (गेममधल्या सहायकाकडे) सोपवलाय, माझे हात शिवशिवतात म्हणून. मे संपला. अल्टूना: ३९ सामने, सरासरी .२४३, होमरन ४, स्ट्राइकआउट २४ टक्क्यांवर, वॉक दुप्पट. मी खुर्चीतून उठून नाचलो. बायकोने स्क्रीनवर डोकावून विचारलं, "चाळीस सामन्यांत चार? मागे सव्वीस मारले तेव्हाही असंच नाचला होतास ना?"