‘कर्मण्येवाधिकारस्ते’चा अर्थ लावताना तर्क कुठे चुकतो?

प्रश्न :
आमच्या कारखान्याच्या सूचनाफलकावर गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ४७व्या श्लोकाची पहिली ओळ मोठ्या अक्षरांत लावलेली आहे आणि जादा कामाच्या मोबदल्याचा विषय निघाला की वरिष्ठ तिच्याकडे बोट दाखवतात. ‘काम करा, फळ मागू नका’ हा त्यांनी लावलेला अर्थ मला पटत नाही. पण तो माझ्या गैरसोयीचा आहे एवढ्यावरून चुकीचा ठरत नाही, हेही कळते. चूक नेमकी कुठे आहे, ते जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ :
फलकावर अर्धाच श्लोक आहे. ‘मा कर्मफलहेतुर्भूर्मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि’ हा उत्तरार्ध वाचला, की फळाच्या आशेने कर्म करू नये आणि कर्म सोडून देण्याकडेही ओढ असू नये, असे दोन्ही बाजूंनी बांधलेले सांगणे दिसते. लगेच पुढे ‘सिद्ध्यसिद्ध्योः समो भूत्वा’ (यश-अपयशात मन समान ठेवून) आले आहे, म्हणजे बोलणे कर्त्याच्या मनःस्थितीविषयी चालले आहे. एकाने दुसऱ्याचे देणे द्यावे की नाही, हा प्रश्न तिथे निघालेलाच नाही. काम करणाऱ्याला केलेला उपदेश काम करवून घेणाऱ्याने स्वतःची सवलत म्हणून वापरावा, हे मला फार अनुचित वाटते.

उत्तर २ :
वरील म्हणण्याला एक जोड देतो. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी मीमांसेत, म्हणजे वचनांचा अर्थ लावण्याच्या शास्त्रात, उपक्रम-उपसंहार (आरंभ व शेवट), अभ्यास (पुन्हा पुन्हा सांगणे), अपूर्वता (नवे सांगणे), फल (परिणाम), अर्थवाद (स्तुती-निंदा) आणि उपपत्ती (युक्तिवाद) ही लिंगे, म्हणजे ओळखण्याच्या खुणा, सांगितली आहेत व लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त त्यांचाच आधार घेतला. आरंभी ‘न योत्स्ये’ (मी लढणार नाही) म्हणून गप्प बसलेला अर्जुन शेवटी, अठराव्या अध्यायात ‘करिष्ये वचनं तव’ (तू सांगतोस तसे करीन) म्हणतो, यावरून गीतेचा कल कर्माकडे आहे असे त्यांनी मांडले. त्याच गीतेवरील भाष्यात शंकराचार्यांनी मात्र ज्ञानपूर्वक संन्यासाला प्राधान्य दिले. तेव्हा कसोटी लावली एवढ्याने निष्कर्ष निर्दोष होत नाही. आपण कोणत्या वचनाला अधिक वजन दिले आणि विरुद्ध जाणाऱ्या वचनांचे काय केले, हेही उघड सांगावे लागते.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. ‘अधिकार’ म्हणजे आजच्या मराठीतला ‘हक्क’ असे धरून हाच श्लोक कामगारांच्या बाजूने लावण्याचा माझा विचार होता. तो सोडून दिला. मोबदल्याची मागणी हजेरीपत्रक पुढे ठेवून करीन आणि फलकावर श्लोक पूर्ण लिहावा, अशी वेगळी विनंती देईन.