मदत हवी आहे : पिनकोडच्या रकान्यातील मराठी आकडे नेमके कुठे बदलावेत?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला राहतो. आमच्या शेतातील बेदाण्याची मागणी टपालाने पोहोचवण्यासाठी मी एक छोटा वेब फॉर्म केला आहे. पिनकोडसाठी लिहिलेल्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराचा साचा तपासणाऱ्या सूत्रात) पहिला अंक १ ते ८ पैकी असावा आणि पुढे बॅकस्लॅश-डीने, म्हणजे ‘कोणताही एक अंक’ या अर्थाच्या चिन्हाने, नेमके ५ अंक यावेत, अशी अट होती. टपालाचे भौगोलिक विभाग आठच असल्यामुळे ती मला पुरेशी वाटली होती. पण देवळाली कॅम्पातील एका ताईंनी सीमेवर असलेल्या यजमानांसाठी बेदाणा मागवला आणि फॉर्मने त्यांचा पत्ता नाकारला, कारण लष्करी टपालाचा पिनकोड ९ ने सुरू होतो. अचूक पत्ता लिहूनही त्यांना अडवले गेले, याचे मला फार वाईट वाटले. ती अट आता १ ते ९ अशी केली आहे, आणि ‘४२२ ००१’ असे लिहिणाऱ्यांसाठी मधली मोकळी जागा तपासणीआधीच काढून टाकतो.

खरी अडचण आकड्यांची आहे. जावास्क्रिप्टमध्ये बॅकस्लॅश-डी फक्त इंग्रजी आकडे ओळखते, त्यामुळे मराठी कीबोर्डवरून लिहिलेला पिनकोड ब्राउझरच नाकारतो. सर्व्हरवरील पायथनमध्ये मात्र तेच चिन्ह युनिकोडमधील (प्रत्येक अक्षराला व अंकाला संकेतांक देणाऱ्या प्रमाणातील) सर्व लिप्यांचे दशमान अंक स्वीकारते. परिणामी, ज्यांच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद होते त्यांचे पिनकोड मराठी आकड्यांतच साठवले गेले, आणि पत्त्यांच्या चिठ्ठ्या क्रमाने लावताना एकाच निफाडचे, म्हणजे ४२२३०३ चे, दोन वेगळे गठ्ठे झाले.

पायथनमध्ये आस्की फ्लॅग (बॅकस्लॅश-डीला इंग्रजी आकड्यांपुरते मर्यादित करणारा पर्याय) लावला तर दोन्हीकडे एकच नियम होईल, हे मला माहीत आहे. परंतु मराठी फॉर्ममध्ये मराठी आकडा चूक ठरवणे मला मान्य नाही. युनिकोडमध्ये देवनागरीचे दहाही अंक सलग असल्यामुळे प्रत्येकाच्या संकेतांकातून शून्याचा संकेतांक वजा करून इंग्रजी आकडा मिळवता येतो, आणि साठवण त्याच रूपात करायची हे नक्की आहे. प्रश्न इतकाच, की हे रूपांतर ब्राउझरमध्ये करावे की फक्त सर्व्हरवर? टंकलेखन चालू असताना केले तर कर्सर उडी मारून रकान्याच्या शेवटी जातो. फक्त सर्व्हरवर केले तर रकान्याच्या पॅटर्न गुणधर्मात, म्हणजे ब्राउझर ज्यावरून तपासणी करतो त्या अटीत, इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही अंकमालिका लिहाव्या लागतात. रकाना सोडताना ते करणे मला बरे वाटते, पण दृष्टिहीन वापरकर्त्याच्या स्क्रीन रीडरला हा बदल कळेल का? ज्यांनी प्रत्यक्ष असे केले आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.