मदत हवी आहे : भालाफेकपटूच्या कोपराचे लिगामेंट शिवावे की नवीन बसवावे?

सर्वांना नमस्कार.

माझा भाचा सांगलीत महाविद्यालयात शिकतो आणि भालाफेक करतो. दिवाळीनंतर सरावात भाला सोडतानाच त्याच्या उजव्या कोपरात आतल्या बाजूला 'कट्' असा आवाज आला. तेव्हापासून त्याला जोर लावून फेकता येत नाही आणि करंगळी व अनामिकेला अधूनमधून मुंग्या येतात. एमआरआयमध्ये आतल्या बाजूचे लिगामेंट (हाडांना एकमेकांशी जोडून ठेवणारा पट्टा) दंडाच्या हाडापासून पूर्ण सुटलेले दिसते.

मिरजेतल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की लिहिणे, जेवणे, गाडी चालवणे यांसाठी शस्त्रक्रियेची गरज नाही. भाला फेकायचा असेल तरच तिचा विचार करावा. दाजींना खेळ सोडून द्यावा असे वाटते, पण पोराचा जीव मैदानात आहे आणि मला त्याचे म्हणणे पटते.

सुटलेले टोक हाडाला परत शिवून वर आधाराची पट्टी बसवणे, म्हणजे 'इंटर्नल ब्रेस', हा एक मार्ग आहे. त्यात खेळाडू साधारण सहा महिन्यांत परततो, पण उरलेले लिगामेंट चांगल्या स्थितीत असावे लागते. दुसरा मार्ग अमेरिकी सर्जन फ्रँक जोब यांनी 1974 मध्ये टॉमी जॉन या बेसबॉलपटूवर प्रथम वापरला : शरीरातलीच दुसरी शीर (रक्तवाहिनी नव्हे, तर स्नायूला हाडाशी जोडणारी टेंडन) घेऊन हाडांत पाडलेल्या छिद्रांतून ओवायची आणि नवे लिगामेंट तयार करायचे. टॉमी जॉन 1976 मध्ये पुन्हा खेळू लागला. आजही यानंतर स्पर्धेत उतरायला बहुधा वर्ष किंवा त्याहून अधिक लागते. ही शीर बहुतेक वेळा मनगटाजवळून घेतात. अंगठा करंगळीला टेकवून मनगट किंचित वाकवले की ती मधोमध उठून दिसते. भाच्याच्या डाव्या हाताला ती दोरीसारखी ताठ दिसते, उजव्या हाताला मात्र नाहीच. काही जणांना ती जन्मतःच नसते, असे कळले.

नातेवाईक नीरज चोप्राचे उदाहरण देतात. मात्र 2019 मध्ये त्याच्या कोपरातून हाडाचे सुटे तुकडे काढले होते, त्यामुळे त्याच्या पुनरागमनाचा हिशेब इथे लावणे मला योग्य वाटत नाही.

ज्यांनी स्वतः किंवा घरातल्या खेळाडूने ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे, विशेषतः भालाफेक करणाऱ्यांनी किंवा वेगवान गोलंदाजांनी, त्यांचा अनुभव हवा आहे. लिगामेंट हाडापासूनच सुटले असताना सर्जनने कोणता मार्ग निवडला आणि का? शीर डाव्या हाताची घेतली की मांडीची, आणि मांडीची घेतली असल्यास धावताना त्रास झाला का? मुंग्या येत असल्यास कोपराजवळून बोटांकडे जाणारी नसही त्याच वेळी सरकवतात का? पुण्यात किंवा कोल्हापुरात फेकणाऱ्या खेळाडूंचे पुनर्वसन टप्प्याटप्प्याने करून घेणारे फिजिओथेरपिस्ट माहीत असल्यास कृपया कळवावे, कारण सांगलीहून महिनोन्‌महिने जा-ये करावी लागेल आणि महाविद्यालयाची हजेरीही सांभाळायची आहे.