पहिला गेमिंग पीसी: एएम४ पुरे, की एएम५च घ्यावा?

खिळेमोळे
एएम४ आणि एएम५ म्हणजे एएमडीचा प्रोसेसर ज्यात बसतो ती बोर्डावरची जुनी आणि नवी बैठक (सॉकेट). पहिल्यांदा पीसी जुळवणाऱ्याला हल्ली जो तो सांगतो, 'एएम५ घे, पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल.' मला हे पटत नाही. बजेट बेताचं असेल तर एएम४ घ्या आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.

माझी यादी: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४-३२०० रॅम (८ च्या दोन पट्ट्या), १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५५० वॉटचा ब्रॉन्झ पॉवर सप्लाय.

२०२५च्या अखेरीपासून रॅम भडकली आहे. एएम५ला डीडीआर५शिवाय चालतच नाही. डीडीआर४ही महागली आहे, पण ती वापरलेली तरी मिळते. मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवून एकही चूक आली नाही तर बिनधास्त घ्या. ५६०० सोबत खोक्यातच कूलर येतो. १४४०पी रिझोल्यूशनला सेटिंग चढवून खेळताना गाडी अडते ती कार्डापाशी, प्रोसेसरपाशी नाही.

बी४५० (बी५५०च्या आधीचा बोर्ड) मात्र घेऊ नका, स्वस्त असला तरी.

सॉकेट१७१८
असहमत. एएम४चं शेवटचं स्टेशन येऊन गेलं. ५६०० वरून खरी उडी मारायची तर ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी (जादा कॅशचे, गेमसाठीचे प्रोसेसर), आणि ते नवे मिळणं दुरापास्त. एएमडीने एएम५ला २०२७पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ असं सांगितलंय. आज ७५००एफ किंवा ७६०० लावा, तीन वर्षांनी त्याच बोर्डावर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून ९८००एक्स३डी बसेल.

दुसरा मुद्दा नवख्यासाठी जास्त महत्त्वाचा. ५६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नाही. बटण दाबलं, पंखे फिरले आणि पडदा काळाच, तर दोष कार्डाचा की रॅमचा हे ठरवायला दुसरं कार्ड कुठून आणणार? ७६०० मध्ये कामापुरतं ग्राफिक्स असतं. कार्ड काढायचं, केबल बोर्डाच्या एचडीएमआयला लावायची, पाच मिनिटांत निकाल.

खिळेमोळे
अहो, तुमच्याच मुद्द्याने तुमचा ७५००एफ बाद झाला. त्यातही आतलं ग्राफिक्स नाही. :)

आणि काळ्या पडद्याने नवख्याला जास्त घाबरवतो तो एएम५च. पहिल्यांदा चालू केल्यावर बोर्ड डीडीआर५चं ट्रेनिंग करतो (रॅमशी जुळवून घेतो), त्यात काही मिनिटं जातात. तेवढ्यात माणूस घाबरून बटण दाबून बंद करतो, परत चालू करतो, ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. मग 'बोर्ड मेला' म्हणून दुकानात. किमान दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका.

सॉकेट१७१८
मान्य, ७६००च घ्या. ट्रेनिंगचंही खरं आहे. पण ती एकदाची कटकट. बायोस किंवा रॅम बदलेपर्यंत एवढा वेळ सहसा परत लागत नाही.

अर्धीपट्टी
रॅमचा विषय निघालाच आहे तर: 'आत्ता दोन पट्ट्या, नंतर अजून दोन' हा बेत एएम५वर करू नका. रायझन ७००० ला दोन पट्ट्यांवर अधिकृत वेग ५२००, चार लावल्या की ३६००. ईएक्सपीओ (रॅमला तिच्या खोक्यावरचा वेग देणारी बायोसमधली सोय) चालू करून दोन पट्ट्या ६००० ला सहसा आरामात धावतात. चार पट्ट्यांवर तेच करायला गेलात तर कधी बूटच होत नाही, कधी गेम मध्येच कोसळतो आणि शिव्या विंडोजला बसतात. सुरुवातीलाच १६ च्या दोन घ्या, सीएल३०च्या (कमी विलंबाच्या) मिळाल्या तर उत्तम. पैसे अगदीच कमी असतील तर १६ ची एकच, पण मग बँडविड्थ (डेटा ने-आण करायची क्षमता) अर्धी.

दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. डीडीआर४वाल्यांनी बायोसमध्ये एक्सएमपी (ईएक्सपीओसारखीच सोय) चालू करायला विसरू नये. नाहीतर ३२०० ची पट्टी बहुधा २१३३ किंवा २६६६ वरच रेंगाळते.

जुनंतेसोनं
बी४५०ला सरसकट नाव ठेवणं पटलं नाही. त्यावर पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसरमधला डेटाचा रस्ता) जुन्या ३.० पिढीचा आहे हे खरं, पण ९०६० एक्सटी त्याच्या सगळ्या १६ लेन वापरतं. ३.० वरसुद्धा फरक किरकोळ. तुमची यादी बी४५०वर सुखाने चालेल. आरटीएक्स ५०६० घेणाऱ्याने मात्र सांभाळा: त्याला ८ च लेन आणि ८ जीबी मेमरी. मेमरी भरली की डेटा त्या अरुंद रस्त्याने ये-जा करतो आणि गेम अडखळायला लागतो.

हाच खड्डा बी५५०वरही आहे बरं का. ५५०० किंवा ५६००जी लावला तर बोर्ड ४.० चा असूनही मिळतं ३.०च. ५६०० आणि ५६००जी दिसायला भाऊ. पण जीला एल३ कॅशही (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) निम्मी, ३२ ऐवजी १६ एमबी.

खिळेमोळे
लेनचा मुद्दा मान्य. माझी हरकत बायोसची आहे. जुना बायोस असलेल्या बी४५०वर ५६०० लावला तर चालूच होत नाही. बोर्डावर फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून थेट बायोस बदलायचं) बटण नसेल तर अपडेट करायला जुना रायझन लागतो. नवख्याकडे तो असणार कुठून?

जुनंतेसोनं
मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तापकीर गल्ली, बोर्ड घेतानाच दुकानात अपडेट करून मागा, आणि बूट झालेला डोळ्यांनी बघून पैसे द्या. फ्लॅशबॅक असेल तर तेही नको: पेनड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट केलेला, फाइलला मॅन्युअलमधलं नाव, बोर्डाला २४ पिन आणि ८ पिन वीज. प्रोसेसर न लावताही होतं.

ठिणगी
तुम्ही सॉकेटवरून भांडताय आणि जळतं भलतीकडे.

प्रोसेसरची ८ पिन (४+४) आणि कार्डाची ८ पिन (६+२) दिसतात सारख्या, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात. जोर लावून बसवू नका. मॉड्युलर सप्लाय बदलला तर जुन्या केबल ठेवू नका, सप्लायच्या बाजूची पिनरचना प्रत्येक कंपनीची वेगळी; एसएसडी क्षणात जाते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर सप्लाय खराब समजू नका, भिंतीतलं अर्थिंग तपासा.

वीज जाणाऱ्या गावांत ६०० व्हीएच्या यूपीएसवर लोक विसंबतात. तो साधारण ३६० वॉटचा. ५६०० जास्तीत जास्त ७६ वॉट, कार्ड १६०, बाकी ५०, मॉनिटर ३०. भिंतीवरून ओढ साडेतीनशेच्या आसपास. गेम चालू असताना वीज गेली की यूपीएस ओरडून बंद पडणार. १००० व्हीए बघा.

सॉकेट१७१८
यूपीएसचे पैसे धरले तर बजेट आणखी ताणणार, म्हणजे बोलणं परत खिळेमोळ्यांच्या बाजूला झुकलं!

तरी माझं म्हणणं एवढंच: एकाच दिवशी, एकाच दुकानातून दोन कोटेशन घ्या. ७६०० + बी६५० बोर्ड + डीडीआर५ची जोडी एकीकडे, ५६०० + बी५५० + डीडीआर४ दुसरीकडे. फरकात ९०६० एक्सटी ८ जीबीचं १६ जीबी होत असेल तर एएम४ घ्या, मी वाद घालणार नाही. तेवढाही फरक नसेल तर एएम४ कशासाठी?

खिळेमोळे
चालेल. पण रॅमची जोडी दोन्हीकडे सारखीच धरा. एकीकडे ३२ आणि दुसरीकडे १६ लावून हिशेब मांडू नका.