पर्सिव्हल गप्प का बसला?

ओलाकोपरा:
आर्थर राजा आणि त्याच्या नाइटांच्या कथा मी आजवर मॅलरी या पंधराव्या शतकातल्या इंग्रज लेखकाच्या वाटेनेच वाचल्या. तिथे हिशोब सरळ आहे. ग्रेल म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनातलं पवित्र पात्र. गॅलाहॅड हा नाइट निष्कलंक म्हणून त्याला ते लाभतं, लॅन्सलॉटला आर्थरच्या राणीचं प्रेम नडतं. आता क्रेतियाँ द त्रॉय या जुन्या फ्रेंच कवीचं ‘पर्सिव्हल’ हाती घेतलं, तर हा पर्सिव्हल गडी ग्रेल डोळ्यांसमोरून जाताना बघतो आणि चकार शब्द काढत नाही! पुढे जो भेटेल तो त्यालाच बोल लावतो. न विचारल्याने एवढं काय बिघडलं? आणि येशू यात कुठे आहे?

बुरुजावरून:
येशूच्या भोजनाशी ग्रेलची गाठ रोबेर द बोरों या फ्रेंच कवीने बांधली, १२०० च्या आसपास. क्रेतियाँने त्याआधी, ११८० च्या दशकात, फ्लँडर्सचा काउंट फिलिप याच्यासाठी हे काव्य लिहायला घेतलं. त्याचा ग्रेल म्हणजे मोठ्या घरी मासा वाढायला घेत तसलं खोलगट ताट, फक्त सोन्याचं आणि रत्नं जडवलेलं. वोल्फ्राम फॉन एशेनबाख या जर्मन कवीकडे तर त्याचा दगड होतो. तेव्हा वस्तूपाशी अडू नका, जेवणाचा प्रसंग परत वाचा.

पर्सिव्हलचे थोरले दोघे भाऊ लढाईत गेले, त्या दुःखाने बाप गेला, म्हणून आईने याला रानात लपवून वाढवलं. पहिल्यांदा नाइट दिसतात तेव्हा चिलखतांचा लखलखाट पाहून त्याला ते देवदूत वाटतात. असल्या रांगड्याला गोर्नमां नावाचा बुजुर्ग नाइट घडवतो: भाला असा धर, शरण आलेल्याला मारू नकोस, आणि फार बडबड करू नकोस. हे शेवटचं तो गाठीला बांधून ठेवतो. मग एका जखमी राजाच्या वाड्यात जेवताना रक्त ठिबकणारा भाला समोरून जातो, मागून ग्रेल घेतलेली मुलगी. जेवणात नवा पदार्थ आला की ग्रेल पुन्हा समोरून. हा मनात म्हणतो, हे काय ते सकाळी विचारू कुणाला तरी. सकाळी वाड्यात चिटपाखरू नाही, आणि बाहेर पडताना घोडा पुलावर असतानाच पूल वर उचलला जातो.

विचारलं असतं तर राजा बरा झाला असता, राज्य सावरलं असतं. मला तर वाटतं क्रेतियाँ इथे नाइटांच्या शिस्तीलाच चिमटा काढतोय. यजमानाला उठताही येत नाही, तो त्याची माफी मागतो, आणि हा शहाणा मूग गिळून बसलाय. का, तर रीत!

उंबरफूल:
असहमत. गोर्नमांला कशाला धरता? क्रेतियाँने कारण स्वतःच दिलंय. घर सोडताना पर्सिव्हल मागे वळतो, पुलाच्या तोंडाशी आई कोसळलेली दिसते, आणि हा घोड्याला फटका मारून पुढे निघतो. ती तिथेच मरते. पुढे गुड फ्रायडेला भेटलेला रानातला साधू (सख्खा मामाच निघतो!) स्पष्ट सांगतो की त्या पापाने तुझी जीभ छाटली.

बुरुजावरून:
साधूचं मान्य. पण मग गोर्नमांचा तो उपदेश कवी जेवणाच्या ऐन मध्यावर, पर्सिव्हलच्या मनात, पुन्हा का आणतो? माझ्या लेखी दोन्ही एकच खोड आहे. आई पडलेली दिसते, थांबत नाही. राजा झिजलेला दिसतो, विचारत नाही. डोक्यात फक्त आपण नाइट कसे दिसतो एवढंच.

वोल्फ्रामने हे बरोबर हेरलं. त्याच्याकडे जखमी राजाच मामा आहे, आणि विचारायचं ते इतकंच: मामा, तुम्हाला काय होतंय?

ओलाकोपरा:
बरं, पण क्रेतियाँच्या ग्रेलमधून वाढतात कुणाला?

उंबरफूल:
आतल्या खोलीत राजाचा म्हातारा बाप आहे, त्याला. ताटात मासाबिसा काही नाही, चर्चमधल्या मिस्सा या प्रार्थनाविधीच्या वेळी देतात तसली एकच पातळ चकती. म्हातारा तेवढ्यावर जगतोय. साधूच हे सांगतो.

बुरुजावरून:
आणि काव्य अर्धवट राहिलंय, हे लक्षात ठेवून वाचा. शेवटाकडे सगळं गॉवेन या दुसऱ्याच नाइटाच्या भानगडींत शिरतं आणि मध्येच तुटतं. पुढे चौघांनी आपापली भर घातली, ती मला कंटाळवाणी वाटली. त्यापेक्षा वोल्फ्रामचे पाचवा आणि नववा भाग घ्या. वोल्फ्रामकडे पर्सिव्हलला दुसरी संधी मिळते, पण त्यासाठी सोळाव्या भागापर्यंत थांबावं लागतं.