मदत हवी आहे: ज्वालामुखीच्या धुरासाठी कोणता एअर प्युरिफायर घेऊ? (तातडीचं)

कुर्लेकर१२
आईला दमा आहे. शुक्रवारी रात्रीच्या विमानाने ती ताईकडे तीन महिन्यांसाठी चाललीये. तिकडे ज्वालामुखीचा धूर घरात येतो, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. इथूनच प्युरिफायर द्यायचाय, बजेट १५ हजार. दादरला हेपा फिल्टरवाली दोन मॉडेलं बघून ठेवलीत, दुकानदार म्हणतो कुठलंही चालेल. चालेल का? कृपया मॉडेल सांगा, बाकी चर्चा नको.

गवतीचहा
ताई कुठे असते? इटली, इंडोनेशिया, आइसलँड? काहीच लिहिलं नाहीये.

कुर्लेकर१२
हवाई. अमेरिका.

पिपेट
हवाईत कुठे? होनोलुलू असेल तर उत्तर वेगळं, बिग आयलंड, म्हणजे ज्वालामुखी आहे तेच बेट, असेल तर वेगळं. तिथेही कोना, हिलो आणि पाहाला या तिन्ही ठिकाणची हवा सारखी नसते.

निशिगंधा
घरात स्नेक प्लांट आणि मनी प्लांट ठेवा. हवा शुद्ध राहते, खर्च नाही.

पिपेट
निशिगंधाताई, दम्याच्या पेशंटला कुंड्यांच्या भरवशावर ठेवू नका. खोलीभर हवेपुढे आठदहा कुंड्यांचा परिणाम मोजण्याइतकाही नसतो, आणि ओल्या मातीत बुरशी धरली तर दम्याला तेच नडतं.

कुर्लेकर१२
बिग आयलंड, ओशन व्ह्यू. मॉडेल?

पिपेट
मग दुकानदाराचं ऐकू नका.

तिथल्या किलाउएया ज्वालामुखीच्या धुरात त्रास देतो तो मुख्यतः सल्फर डायऑक्साइड वायू. वाऱ्याबरोबर जाताजाता त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात, म्हणजे पीएम २.५. तिकडे या मिश्रणाला व्हॉग म्हणतात. पाहालासारख्या जवळच्या गावात वायू जास्त, कोनाला पोचेस्तोवर बरेचसे कण झालेले असतात. ईशान्येचा व्यापारी वारा असला की व्हॉग नैर्ऋत्येला सरकतो आणि ओशन व्ह्यू त्याच वाटेवर आहे. तिथे दोन्ही धरून चाला.

हेपा कण पकडतो, वायू त्यातून आरपार जातो. वायूसाठी अॅक्टिव्हेटेड कार्बन लागतो, तोही दाणेदार आणि किलोच्या हिशेबात. स्वस्त मॉडेलात कार्बन म्हणून काळ्या स्पंजची पातळ चकती असते, ती लवकर भरते. साधा कार्बन सल्फर डायऑक्साइड बेताचाच धरतो. आम्लवायूंसाठी क्षार लावलेला कार्बन मिळतो, तो मागा.

आता आकार. १२ बाय १२ ची खोली, ९ फूट उंची, म्हणजे साधारण ३७ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा फिरवायची तर १८५ घनमीटर लागतात. खोक्यावरचा सीएडीआर, म्हणजे मशीन तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, याच्या वर हवा, आणि तो मधल्या स्पीडला मिळायला हवा. फुल स्पीडच्या आवाजात झोप लागत नाही, मग लोक मशीन बंद करतात.

टपालपेटी
मुळात इथून नेऊच नका. तिकडे १२० व्होल्ट, आपलं मशीन २३० चं.

आडवाटा
ट्रान्सफॉर्मर लावला की झालं. फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झ असली तरी डीसी मोटरच्या मशीनला फरक पडत नाही.

टपालपेटी
झालं कसं? ट्रान्सफॉर्मरचं वजन बॅगेत, आणि सहा महिन्यांनी त्या मॉडेलचा फिल्टर तिथे कुठे शोधणार? ताईलाच तिथे घ्यायला सांगा. आईचा नेब्युलायझरही २३० व्होल्टचा असेल, तो आधी तपासा. बॅटरीवर किंवा यूएसबीवर चालणारा घ्या. आणि चिठ्ठीवर सालब्युटामॉल असेल तर तिकडे त्यालाच अल्ब्युटेरॉल म्हणतात, डॉक्टरांकडून दोन्ही नावं लिहून घ्या.

कंदील
प्रवास विम्यात दमा जुना आजार म्हणून कळवलाय का? नसेल तर क्लेम अडकेल.

आडवाटा
एन९५ मास्क दिला की बाहेरचंही भागेल.

पिपेट
कणांपुरता. वायू तो अडवत नाही, आणि मास्क आहे म्हणून बाहेर हिंडणं धोक्याचं. आकडा बघून ठरवायचं: हवाईचा आरोग्य विभाग सल्फर डायऑक्साइडची १५ मिनिटांची पातळी देतो. ०.२ पीपीएमच्या वर दमेकऱ्यांना त्रासदायक, १ च्या वर सगळ्यांनाच.

शीवकर
हे वाचून आठवलं, नोव्हेंबर २०२५ मध्ये इथियोपियाच्या हायली गुब्बी ज्वालामुखीची राख आपल्याकडे आली होती ना? मग चेंबूर-माहुलला वास येतो तो त्याचाच का?

पिपेट
नाही. ती राख विमानांच्या उंचीवरून गेली, म्हणून विमानं रद्द झाली. माहुलच्या वासासाठी वेगळा धागा काढा, तो विषयही महत्त्वाचा आहे.

गवतीचहा
कुर्लेकर, खिडक्या कशा आहेत? त्यावर सगळं अवलंबून आहे.

कुर्लेकर१२
काचेच्या आडव्या पट्ट्यांच्या, आपल्या बाथरूमला असतात तशा. घरभर. पाणी टाकीचं आहे.

गवतीचहा
मग नुसता प्युरिफायर लावून उपयोग नाही. त्या पट्ट्या बंद केल्या तरी फटी राहतात. एकच झोपायची खोली निवडा. आतून चौकटीला जाड प्लास्टिक लावा, चारही कडा रंगकामाच्या टेपने बंद करा, एक खिडकी उघडता येईल अशी ठेवा. दाराखाली गुंडाळलेला टॉवेल. त्या खोलीत उदबत्ती, कापूर, कॉइल काही नको. वारा बदलून बाहेरची हवा स्वच्छ झाली की खोली उघडून मोकळी करायची. गाडीत एसी आतल्या हवेवर.

पिपेट
टाकीचं म्हणजे छपरावरून साठवलेलं पावसाचं पाणी ना? हे आधी सांगायचं. व्हॉगमधला पाऊस आम्लधर्मी असतो, तो छपराचे जुने खिळे, झाळ आणि रंग यांतलं शिसं उतरवतो.

निशिगंधा
उकळून गार करून प्यायचं.

पिपेट
उकळून जंतू मरतात, शिसं जात नाही. पाणी आटतं तसं उलट दाट होतं. प्यायला आणि स्वयंपाकाला काउंटीच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या, सार्वजनिक नळावरून पाणी भरून आणायचं. राख किंवा पेलेचे केस म्हणतात ते काचेचे तंतू पडत असतील तर छपरावरून टाकीत जाणारा पाइप तेवढ्यापुरता सोडवून ठेवायचा, आणि छप्पर धुऊनच परत जोडायचा.

कुर्लेकर१२
ताईला फोन केला. पाइप जोडलेलाच आहे, पाणी फिल्टरचं पितात म्हणाली. फिल्टर कुठला ते विचारतो. प्युरिफायर ती तिथेच बघतेय, कार्बन किती किलो ते खोक्यावर लिहिलेलं नाही म्हणते.

पिपेट
बदली फिल्टरचं वजन बघायला सांगा. अख्खा फिल्टर अर्धा किलोचा असेल तर त्यात कार्बन नावालाच आहे. पाण्याच्या फिल्टरवर शिसं काढतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं, नुसतं चव-वास असेल तर तो या कामाचा नाही.